नऊ नंबरच्या फ्लॅटवरचा चार्ज

पौड रोडच्या आत, वनाजच्या अलीकडे, सोळा फ्लॅटची एक सहकारी गृहरचना संस्था आहे. इमारत नव्वदच्या दशकातली. लिफ्ट नाही, पार्किंगवरून वर्षाला एक भांडण ठरलेलं, पण मेट्रो सुरू झाल्यापासून जुन्या फ्लॅटनाही गिऱ्हाईक येतं. त्यातला नऊ नंबरचा फ्लॅट विकायला निघाला. विकणारे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आता मुलीकडे नाशिकला कायमचं जायचं ठरलेलं. घेणारं जोडपं हिंजवडीत नोकरी करणारं. किमतीतली बरीचशी रक्कम गृहकर्जातून येणार होती.

सगळं रीतसर चाललं होतं. वकिलांनी निबंधक कार्यालयातल्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च घेतला, रिपोर्ट स्वच्छ आला. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात साठेखत नोंदवलं, ७ टक्के मुद्रांक शुल्क भरलं. उरलेली रक्कम ४५ दिवसांत द्यायची असं साठेखतात लिहिलेलं. मेंटेनन्सची एक पैची बाकी नव्हती, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण या संस्थेचे हिशेब मीच लिहितो. तरीही बँकेने कर्जाचा चेक थांबवला. कारण होतं संस्थेच्या ना-हरकत दाखल्यातलं एक वाक्य. या प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. कागदांवरची भाषा मात्र आहे तशीच ठेवली आहे, कारण घोळ तिथेच झाला.

बँकेने आपला छापील नमुना दिला होता. त्यात एक ओळ अशी: ‘देअर इज नो चार्ज ऑन द सेड फ्लॅट.’ सेक्रेटरी ताईंनी तो नमुना संस्थेच्या लेटरहेडवर उतरवला आणि उतरवताना जरा नीटनेटका केला: ‘देअर आर नो चार्जेस पेंडिंग ऑन द सेड फ्लॅट.’ एकवचनाचं अनेकवचन झालं आणि ‘पेंडिंग’ हा शब्द आला. ताईंच्या मते वाक्य जास्त स्पष्ट झालं होतं. बँकेच्या विधी विभागाच्या मते संस्थेने बँकेच्या प्रश्नाला बगल देऊन भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

इथे एक आडगोष्ट सांगून टाकतो. गृहरचना संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतर करायला संस्थेचा ना-हरकत दाखला लागतच नाही. सभासदाला हवा असेल तर त्याने मागावा, एवढंच. पण कर्ज देणाऱ्या बँकेला तो लागतो, आणि तोही तिच्याच शब्दांत. त्यामुळे पुण्यातल्या बहुतेक सेक्रेटरींच्या आयुष्यात इंग्रजी कायदेशीर मसुदा लिहिण्याचा प्रसंग येतो तो याच दाखल्यापायी.

बँकेने ई-मेल पाठवून खुलासा मागितला. त्यात विचारलं होतं की, विक्रेत्याविरुद्ध एखादा चार्ज अजून अस्तित्वात आहे का, ते संस्थेने कळवावं. इंग्रजीत शब्द होते ‘चार्ज अगेन्स्ट द सेलर’. प्रत काकांना. काका संध्याकाळी ताईंच्या दारात उभे राहिले. “अहो ताई, सगळी नोकरी झाली, एक मेमो नाही माझ्या नावावर. आणि आता स्वतःचा फ्लॅट विकताना माझ्यावर चार्ज?”

काकांना हसण्याचं कारण नाही. राज्य सरकारी नोकरीत चार्ज म्हटलं की डोळ्यांसमोर चार्जशीट येतं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या आठव्या नियमाखालची चौकशी लागली की दोषारोपपत्र हातात पडतं, बढती अडते, पेन्शन लटकते. ज्याने असे प्रसंग शेजारच्या टेबलांवर पाहिले आहेत, त्याच्या कानाला ‘चार्ज अगेन्स्ट’ दुसरं काही सांगूच शकत नाही.

ताईंच्या कानातला चार्ज वेगळा, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं. उपविधींच्या इंग्रजी पाठातच ‘चार्जेस ऑफ द सोसायटी’ असा शब्दप्रयोग आहे. त्याखाली मिळकतकर, पाणीपट्टी, सामाईक वीज, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, सर्व्हिस चार्जेस, पार्किंग अशी लांबलचक यादी आहे. भाडेकरू ठेवला तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, तेही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच. हस्तांतराच्या वेळी घ्यायचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. सेक्रेटरीचं वर्ष या चार्जेसमध्येच जातं. फ्लॅट विकला जातोय म्हटल्यावर तिने आधी खातेवहीत बाकी बघणं आणि ‘नो चार्जेस पेंडिंग’ लिहिणं अगदी साहजिक होतं.

बँकेला विचारायचं होतं तिसरंच. या फ्लॅटच्या तारणावर आधी कुणाचे पैसे अडकलेत का? बँक ज्याला चार्ज म्हणते त्याचा मेंटेनन्सशी संबंध नाही, अपराधाशी तर नाहीच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये त्याची व्याख्या आहे. एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशांसाठी तारण झाली, पण व्यवहार गहाणापर्यंत पोचला नाही, तर त्या दुसऱ्याचा त्या मालमत्तेवर चार्ज आहे असं म्हणतात. बँकांच्या रोजच्या बोलण्यात गहाणही त्यातच मोजलं जातं.

आणि चौथा चार्ज फोनवर निघाला. बँकेच्या अधिकाऱ्याने ताईंना फोन करून विचारलं, “मॅडम, सध्या चार्ज कुणाकडे आहे?” त्याला म्हणायचं होतं, कुठल्या बँकेकडे. ताईंनी उत्तर दिलं, “आधीच्या सेक्रेटरींकडे होता, एप्रिलपासून माझ्याकडे आहे.” पलीकडे काही क्षण शांतता होती, असं ताई सांगतात.

या सगळ्यांना इंग्रजी कमी येतं म्हणून हे झालं, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ताई एम.कॉम. आहेत, काकांनी जन्मभर इंग्रजीत टिपण्या लिहिल्या आहेत. गोची दुसरीकडे आहे.

इंग्रजीत चार्ज हा शब्द एकटा फिरत नाही. त्याच्या मागेपुढे एक छोटा शब्द असतो आणि खरा अर्थ तो ठरवतो. मालमत्तेच्या आधी ‘ऑन’ आला की तारण. माणसाच्या आधी ‘अगेन्स्ट’ आला की आरोप. वस्तू किंवा सेवेच्या आधी ‘फॉर’ आला की पैसे. ‘इन चार्ज ऑफ’ म्हटलं की ताबा किंवा जबाबदारी. काहीच नसेल आणि नुसतं ‘नो चार्ज’ असेल, तर दुकानदार ते ‘फुकट’ या अर्थाने म्हणतो.

मराठीने हा शब्द उचलला तो नुसता. सोबतचे छोटे शब्द तिकडेच राहिले. त्यांच्या जागी आपण आपला ‘वर’ लावला, आणि तो सगळीकडे लागतो. फ्लॅटवर चार्ज, माझ्यावर चार्ज, पार्सलवर चार्ज, जमावावर लाठीचार्ज. मग आपण अर्थ कसा लावतो? क्रियापदावरून. चार्ज लावला म्हणजे पैसे किंवा आरोप, चार्ज दिला म्हणजे कामाचा भार दुसऱ्याकडे सोपवला, चार्ज केला म्हणजे फोन, चार्ज संपला म्हणजे बॅटरी, चार्ज नोंदवला म्हणजे बँक. ‘चार्ज घेतला’ यात पुन्हा दोन अर्थ होतात, पण संदर्भ सांभाळून नेतो. रोजच्या बोलण्यात त्यामुळे कुणाची अडचण होत नाही. अडचण होते दाखल्यात, कारण तिथे क्रियापद ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच असतं. ‘सदर फ्लॅटवर चार्ज नाही’ या वाक्यात पकडायला हाताशी काहीच उरत नाही. वाचणारा आपापल्या नोकरीतला अर्थ त्यात भरतो.

अनेकवचनाचंही तसंच. मराठीत ‘चार्जेस’ म्हटलं की जवळपास नेहमी पैसेच. कुणी ‘त्याच्यावर चार्जेस आहेत’ म्हणालं तरच कान टवकारतात. इंग्रजीत मात्र आरोपही अनेक असू शकतात आणि एका मालमत्तेवर तीन बँकांचे तीन चार्जेसही. ताईंनी एक ‘एस’ वाढवला तेव्हा मराठी कानाला वाक्य फक्त जास्त व्याकरणशुद्ध झालं. प्रत्यक्षात ते बँकेच्या टेबलावरून उठून मेंटेनन्सच्या खातेवहीत जाऊन बसलं.

या साऱ्या अर्थांसाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते कोशातच पडून राहिलेले नाहीत, वापरात आहेत. महावितरणच्या बिलावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’, ‘इंधन समायोजन आकार’ छापलेलं असतं. आकार म्हणजे घाट हा अर्थही आहेच, पण विजेच्या बिलात कुणी गोल-चौकोन शोधत नाही. कोर्टात ‘आरोप निश्चिती’ होते. मंत्रालयाच्या आदेशात ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपवला जातो. विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युत प्रभार’ असतो. आणि बँकेच्या चार्जला, सातबाऱ्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘बोजा’ म्हणत आलो आहोत. गावच्या सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो, फेडलं की फेरफार करून बोजा कमी करायचा. मुळशीतल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. गंमत अशी की चार्जचा मूळ अर्थही तोच आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा, त्यावर ओझं लादणं या क्रियेपासून जुन्या फ्रेंचमधून चार्ज इंग्रजीत आला. कार आणि कार्गो हे त्याचे भाऊबंद. बंदुकीत ठासलेली दारू, बॅटरीत भरलेली वीज, माणसाच्या माथी आलेली जबाबदारी किंवा ठपका, मालमत्तेवर चढलेलं देणं, ही सगळी ओझीच. इंग्रजीने एकाच ओझ्याला दहा कामाला लावलं, मराठीने प्रत्येक ओझ्याला वेगळं नाव ठेवलं. शहरात फ्लॅटला सातबारा नसतो, म्हणून बोजा हा शब्द शहरी माणसाच्या तोंडातून गेला, आणि त्याची जागा चार्जने घेतली.

एव्हाना वाटेल की हा नुसता शब्दांचा गोंधळ होता आणि खुलासा करून प्रकरण मिटलं असणार. तसं झालं नाही. फ्लॅटवर चार्ज खरोखरच होता. निदान कागदावर होता.

काकांनी २००४ मध्ये फ्लॅटवर एका नागरी सहकारी बँकेचं कर्ज काढलं होतं. मूळ कागदपत्रं बँकेकडे जमा करून. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये हा गहाणाचा एक मान्य प्रकार आहे आणि त्याला नोंदणी लागत नसे. महाराष्ट्रात अशा गहाणाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ नोंदणी कार्यालयात दाखल करायची सक्ती २०१३ पासून आली. त्यामुळे २००४ चं गहाण निबंधकाच्या सूचीत येणं शक्य नव्हतं, आणि वकिलांचा सर्च स्वच्छ आला यात वकिलांचाही दोष नव्हता. कर्जाचा माग उरला होता तो एकाच जागी, संस्थेच्या गहाण-नोंदवहीत. कर्ज २०१२ मध्ये फिटलं. काकांकडे बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला होता, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला. कागदपत्रंही परत मिळाली होती. पण बोजा उतरवायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पैसे फिटले की चार्ज संपला, असंच त्यांना वाटत होतं. बॅटरीचा संपतो तसा तो नोंदवहीतून आपोआप संपत नाही.

ती नोंदवही ताईंनी पाहिलेलीच नव्हती. एप्रिलमध्ये चार्ज घेताना केलेल्या यादीत सभासदांची आय नमुन्यातली नोंदवही, जे नमुन्यातली यादी, इतिवृत्त, कॅशबुक, शिक्का, चेकबुकं, सगळं होतं. गहाण-नोंदवही नव्हती. आधीचे सेक्रेटरी म्हणाले, “मला कुणी दिली नव्हती, मी कुठून देणार?” शेवटी ती मीटर रूममधल्या कपाटात सापडली. नऊ नंबरच्या पानावर एकच ओळ होती: ‘बँकेचा चार्ज नोंदविला.’ पुढे कोरं.

कमिटीची बैठक झाली. सभासदांपैकी एक वकील आहेत, त्यांनी आणखी दोन मुद्दे काढले आणि ताईंनी कपाळाला हात लावला. पहिला मुद्दा असा की चार्ज आणि चार्जेस हे दोन वेगळे प्राणी असले तरी त्यांची भेट होते. सभासदाने चार्जेस थकवले, तर सहकार कायद्याप्रमाणे त्याच्या भागांवर (शेअर्सवर) आणि हितसंबंधावर संस्थेचाच चार्ज असतो. मिळकतकर थकला तर महापालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे त्या मिळकतीवर पहिला बोजा महापालिकेचा. म्हणजे ताईंनी आधी बाकी पाहिली हे एका परीने बरोबरच होतं; फक्त तेवढ्यावर थांबून चालणार नव्हतं. दुसरा मुद्दा त्यांनी थोडा मिस्कीलपणे मांडला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ताबा मिळण्याआधी खरेदीदाराने भरलेल्या पैशांपोटी विक्रेत्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराचाही चार्ज असतो. साठेखताच्या दिवशी त्या जोडप्याने पैसे दिले, त्या घडीपासून काकांच्या फ्लॅटवर त्यांचाच चार्ज होता. “तेव्हा ‘कोणताही चार्ज नाही’ असं सरसकट कधी लिहू नका,” वकील म्हणाले. “काय तपासलं, तेवढंच लिहा.” संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत उपयोगी वाटलेलं वाक्य ते.

जुनी सहकारी बँक दरम्यान दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. तिथून पत्र आणायला वेळ गेला. काका स्वतः रिक्षाने हेलपाटे घालत होते. आधी त्यांना पुन्हा बेबाकी दाखलाच देऊ केला. तो त्यांच्याकडे होताच. हवं होतं ते संस्थेच्या नावाने पत्र: कर्ज फिटलं आहे, आपल्या दप्तरी नोंदवलेला आमचा बोजा कमी करण्यास हरकत नाही. ते मिळालं, कमिटीने ठराव केला, नोंदवहीतल्या त्या कोऱ्या जागेत ‘बोजा कमी केला’ असं लिहून तारीख टाकली. यात ४५ दिवसांची मुदत उलटून गेली. खरेदीदारांनी समजूतदारपणा दाखवला, दोन्ही बाजूंनी मुदतवाढीच्या पत्रावर सह्या केल्या. एखाद्या अडेल माणसाने याच कारणासाठी व्यवहार मोडला असता.

नवा दाखला आम्ही असा लिहिला. पैशांबद्दलच्या वाक्यात चार्जेस शब्दच वापरला नाही. इंग्रजीत ‘ड्यूज’ आणि मराठी प्रतीत ‘थकबाकी’, अमुक तारखेअखेर काही नाही. तारणाबद्दल वेगळं वाक्य: संस्थेच्या गहाण-नोंदवहीत आज रोजी कोणत्याही बँकेचा किंवा संस्थेचा बोजा नोंदलेला नाही. तिसरं वाक्य पुढचं: आपल्या बँकेचं पत्र आल्यावर आपला बोजा संस्था नोंदवून घेईल. सभासदाविरुद्ध दावा किंवा वसुलीची कारवाई चालू नाही, हे अगदी शेवटी, त्यात चार्जही नाही आणि आरोपही नाही. बँकेने इंग्रजी प्रत घेतली, एक शब्दही न बदलता. मराठी प्रत काकांनी मागून घेतली. तिच्यात आपल्यावर काही ‘चार्ज’ नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं नाही, याबद्दल त्यांची थोडी कुरकुर होती.

कर्ज मिळालं, ताबा झाला, भागपत्रावर नवी नावं चढली. मग ताईंनी गहाण-नोंदवही पहिल्या पानापासून वाचून काढली. आणखी काही फ्लॅटच्या पानांवर जुन्या नोंदी तशाच उघड्या निघाल्या. त्या सभासदांना त्यांनी मराठीत पत्रं पाठवली: ‘आपल्या फ्लॅटवर पूर्वीच्या बँकेचा बोजा नोंदलेला आहे. तो कमी करून घ्यावा.’ बहुतेकांना कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदाचा मात्र त्याच रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला: “ताई, बोजा किती भरायचा आहे? जीपे चालेल ना?” पुढच्या पत्रांत ताईंनी तळाला एक ओळ वाढवली: ‘यासाठी संस्थेला पैसे द्यायचे नाहीत. बँकेचं पत्र आणून द्यायचं आहे.’